मदत हवी आहे: ऑनलाइन तासाला खुलणारी मुलं वर्गात गप्प का होतात?

नमस्कार मंडळी,

सहावी ते आठवीला गणित शिकवते. आमचे काही तास वर्गात होतात, काही ऑनलाइन. सातवीतली एक मुलगी चॅटमध्ये सगळ्यांच्या आधी उत्तर टाकते, तेही रीतीसकट. तसलंच उदाहरण फळ्यावर दिलं की मान खाली. उलटा नमुनाही आहे. वर्गात ज्याचा हात कायम वर, तो ऑनलाइन तासाला कॅमेरा बंद करून बसतो. नाव घेतलं की "मॅडम, आवाज तुटतोय". (नेमका प्रश्न विचारल्यावरच कसा तुटतो, देव जाणे.)

मुलीच्या घरचे म्हणतात, लाजाळू आहे, सोडून द्या. सोडवत नाही, कारण विषयात ती मुळीच कच्ची नाही.

थोडं वाचलं आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं, की 'हे मला जमेल' हा विश्वास कामागणिक वेगळा असतो. तो सर्वात जास्त येतो स्वतःला जमल्याच्या अनुभवातून. शिवाय आपल्यासारख्याच कुणाला जमताना पाहून, कुणी धीर दिल्याने आणि त्या क्षणी छाती किती धडधडते आहे यावरून. म्हणजे उदाहरण सोडवणं आणि पंचवीस जणांसमोर ते बोलून दाखवणं ही त्या मुलीच्या दृष्टीने दोन वेगळी कामं असावीत. त्यात हे वय असं, की सगळे आपल्याकडेच बघताहेत असं वाटत राहतं.

मुलाचं कोडं मात्र सुटत नाही. माझा अंदाज: वर्गात शेजारचा खाडाखोड करताना दिसतो, अडलेलं दिसतं. पडद्यावर फक्त तयार उत्तरं येऊन आदळतात, त्यामुळे 'आपण सोडून सगळ्यांना येतंय' असं वाटत असेल. वर स्वतःचा चेहरा सतत समोर!

तर विचारायचं हे, की कुणाला कुठे आणि कशामुळे अडतंय हे ओळखायचं कसं? "आत्मविश्वास वाटतो का?" असं विचारलं तर सगळे "हो" म्हणतात. आणि चॅटमध्ये लिहिणाऱ्या मुलीला बोलण्यापर्यंत आणायचं कसं? कॅमेरा सक्तीचा करावा का? कृपया बक्षिसं सुचवू नका. देऊन झाली, तेच चार हात वर येतात.

प्रतिसाद

ताई, मोघम विचारू नका. उदाहरण दाखवा, सोडवायच्या आधी विचारा, "हे जमेल याची खात्री ० ते १०० मध्ये किती?" मग सोडवायला द्या. दुसऱ्या ओळीत "हे सगळ्यांसमोर सांगायची खात्री किती?" वर्गात आणि ऑनलाइन, दोन्हीकडे करा. आकडे कुठे फाटतात ते लगेच कळेल. खात्री ९० आणि उत्तर चूक, अशीही मुलं निघतील. नुसते व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघणाऱ्यांचं असं हमखास होतं. बघताना सगळं सोपं वाटतं. त्यांना धीर नको, वही बंद करून सोडवायला दोन उदाहरणं द्या.

दुसरं, प्रश्न विचारून थांबा. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांच्या अभ्यासात दिसलं होतं, की शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात. तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांबतात आणि एरवी न बोलणारी मुलंही तोंड उघडतात. आधी वहीत लिहू दे, मग शेजारणीला सांगू दे, मग वर्गाला.

कॅमेऱ्याची सक्ती नको. स्वतःचा चौकोन लपवायची सोय बहुतेक ॲप्समध्ये असते, ती मुलांना दाखवा.

धागाकर्ती

दोन ओळींची कल्पना आवडली, उद्यापासूनच घेते. जोड्यांचं वर्गात जमेल. ऑनलाइन तासाला मात्र ॲपमधल्या छोट्या खोल्यांत (ब्रेकआउट रूम) दोघादोघांना पाठवलं की दोघंही म्यूट करून बसतात, आणि मी एका वेळी एकाच खोलीत असू शकते. यावर कुणी काही केलं असेल तर सांगा.