तीन पसरणी म्हणजे एक स्टेल्व्हिओ?

(टोपणनावांनी बोलणाऱ्या तीन सायकलवाल्यांची चर्चा)

घाटमाथा: इटलीतली स्टेल्व्हिओ खिंड प्रातो गावाकडून सायकलने चढायची तर 24 किलोमीटर, 1840 मीटर चढ. वाई-पाचगणीचा पसरणी घाट साधारण 12 किलोमीटर, 570 मीटर. सव्वातीन पसरणी झाल्या की झालं. शिवाय 1820 ते 1825 दरम्यान कार्लो दोनेगानीने हा रस्ता घोडागाड्यांसाठी आखला, 48 वळणं त्यापायीच. पुण्या-साताऱ्याकडच्यांना वेगळ्या सरावाची गरज नाही.

मधली चकती: बेरीज बरोबर, हिशोब चुकीचा. पसरणीच्या दोन फेऱ्यांमध्ये उतार येतो, पाय मोकळे होतात. तिकडे ती सोय नाही. पसरणीची सरासरी पावणेपाच टक्के, तिकडची साडेसात. माणूस-सायकल मिळून 90 किलो, 8 टक्के चढ, 180 वॅट जोर धरा: वेग ताशी साडेआठ. पुढच्या चकतीला 34, मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीला 28 दात असतील तर पायडल मिनिटाला 55 फेरे. मागे 34 असतील तर 66. पावणेतीन तास 55 ने रेटलं की आधी गुडघे बोलतात. पण नुसती कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) बदलू नका. लांब केजचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) आणि लांब चेन लागते. जुनीच चेन ठेवून दोन्हीकडे मोठी चकती पडली तर हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला धरणारा तुकडा, मोडतो.

घाटमाथा: मागे 34 दात मान्य. मग आंबेनळी करा ना! पोलादपूर ते महाबळेश्वर, 40 किलोमीटर, जवळजवळ 1300 मीटर.

गारठा: आंबेनळीही विरळ हवेच्या आधीच संपतो. फ्रान्झेन्सहोए हॉटेल 2188 मीटरवर, खिंड 2757 वर. म्हणजे हॉटेलपाशी पोचल्यावर अख्खी पसरणी शिल्लक, तीही सातेक किलोमीटरात. उरलेली वळणं समोर एकावर एक दिसत असतात. माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या 72 टक्के. खाली 180 वॅट सहज निघतात म्हणून तिथेच 200 ने सुटणारे इथे सायकल ढकलतात. सह्याद्रीत याचा सराव होतच नाही. दोन-तीन दिवस आधी उंचावर राहा, एवढंच.

घाटमाथा: तेवढ्यासाठी सुट्टी कोण देणार? खाली 165 वॅटवर राहा, झालं.

मधली चकती: हे पटलं. उतरताना मात्र ब्रेक सतत दाबून धरू नका, रिम तापते. वळणाआधी सरळ रस्त्यावर कचकन वेग कमी करा, वळणात सोडा. आणि भाड्याच्या सायकलला तिकडे डावा ब्रेक बहुधा पुढचा असतो, आपल्याकडे उजवा. दुकानाबाहेरच दाबून बघा.