पाणवठा कुठे बांधावा, कसा बांधावा? (नांदगाव तालुका)

कातळखडा:
नमस्कार मंडळी. सातमाळेच्या पायथ्याशी आमच्या वन समितीकडे सालई, धावडा, खैराचा रानतुकडा आहे. बिबट्या, तरस, लांडगा, खोकड, साळिंदर, मोर सगळं आहे. नाले मात्र होळीच्या आधीच आटतात. पाणवठ्याचा ठराव झालाय, पण दोन तट पडलेत. एक म्हणतो वस्तीलगत रस्त्याकडेला बांधा, टँकर सरळ जाईल. दुसरा म्हणतो, पाणी ठेवलंत की बिबट्या दारात येईल. मेंढरांचे कळपही त्याच वाटेनं जातात. जागा, माप, साहित्य कुणी नीट सांगेल का?

सालईडिंक:
वस्तीलगत नकोच, निदान किलोमीटरभर आत. बिबट्या वस्तीवर येतो तो मुख्यतः कुत्री-शेळ्यांसाठी. पण पाण्यावर रानडुकरं येणार, ती तिथून सरळ कांद्यात-मक्यात घुसणार, आणि दोष पाणवठ्यावर येणार. टँकरचा प्रश्न सोपा आहे: तो रस्त्यावर उभा करा आणि पाइप आत न्या.

बांधकामाआधी नाल्याची वळणं पाहा. उन्हाळ्यात सगळं रान खराट्यासारखं झालेलं असताना जिथे उंबर, करंज, जांभूळ हिरवे दिसतात, तिथे ओल वर असते. तिथली वाळू दोन-तीन हात उकरा, तीन बाजूंना दगड रचा आणि चौथी बाजू उतरती ठेवा. झिरा (वाळूतून पाझरणारं पाणी) लागला तर सिमेंटची गरजच नाही.

नाही लागला तर एका अंगाला सावली आणि बाकी मोकळं अशी जागा निवडा. चहूबाजूंनी घाणेरीची जाळी असली की दबा धरणाऱ्याचं फावतं, आणि खोकड-ससे पाण्याला तोंड लावत नाहीत.

गवंडीमामा:
बांधकामाचं मी सांगतो. उभ्या भिंतींचा हौद बांधू नका. पाणी खाली गेलं की घोरपड, साळिंदराची पिल्लं, मोर त्यात पडतात आणि वर येता येत नाही. बशी करा: व्यास १३ फूट, मध्यभागी खोली दीड फूट. उतार साधारण चारास एक येतो. पाणी मावतं १९०० लिटर.

खाली अर्धा फूट मुरूम, पाणी मारून धुम्मस करा, म्हणजे ठोकून घट्ट करा. काळी माती असेल तर ती आधी पूर्ण काढा, उन्हात ती भेगाळते आणि वरचा थर तडकतो. त्यावर कोंबडी जाळी आणि चार इंच काँक्रीट, एकास दोन चार (सिमेंट, वाळू, खडी). सिमेंट आठ-नऊ गोण्या. सगळं एका दिवसात ओता, सांध्यातूनच गळती सुरू होते. घोटाई करू नका. पृष्ठभाग खरखरीत हवा, नाहीतर खूर घसरतात. दहा दिवस गोणपाट ओलं ठेवा. मग दोनदा भरून रिकामी करा, नव्या सिमेंटचं पाणी क्षारी असतं. प्लास्टिकचा कागद अंथरून काम भागवू नका, नखं आणि खूर तो फाडतात.

हिशोब असा: मे महिन्यात उघडं पाणी रोज साधारण सेंटीमीटरभर उतरतं. म्हणजे आठवड्याला सातशे-साडेसातशे लिटर नुसतं उन्हानं जातं, पिण्याचं वेगळं. पाच हजारांचा टँकर बशीत ओतलात तर निम्म्याहून जास्त मातीत जाईल. वर एक टाकी ठेवा आणि फ्लोट व्हॉल्व्ह (बशी भरली की पाणी आपोआप बंद करणारा) दगडी डबीत झाका. उघडा ठेवलात तर वानरं उपटतील.

रानपिंगळा:
मेंढपाळांशी भांडू नका. त्यांना गावाच्या बाजूला वेगळा हौद द्या, बशीपासून निदान अर्धा किलोमीटर. एकाच पाण्यावर आले की लाळ्या-खुरकूत, पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग) इकडून तिकडे जातात. गावठी कुत्र्यांना रेबीज आणि डिस्टेंपरची लस द्या. लांडगा-खोकडाला कुत्र्यांच्या या रोगांचाच खरा धोका आहे, पाणवठ्याहून हे लसीचं काम मोठं. आठवड्यातून एकदा बशी झाडून घासा, फिनेल-ब्लीचिंग नको. भोवती फासे लावलेत का, तेही पाहत चला. उन्हाळ्यात शिकारी पाण्यावरच टपतात.

कातळखडा:
आभार. बिबट्याचं काय? गावात पिंजरा लावायची मागणी जोरात आहे.

सालईडिंक:
पिंजरा लावून दुसरीकडे सोडणं हा उपाय नव्हे. जुन्नरला २००१ ते २००३ मध्ये माणसांवरचे हल्ले वाढले होते. पकडून परक्या रानात सोडलेले बिबटे हे त्यामागचं एक कारण मानलं गेलं. गोठा बंदिस्त करा, छपरासकट. बिबट्या भिंत चढून वरून उतरतो, म्हणून नुसत्या कुंपणाला अर्थ नाही. शेळी मारली गेलीच तर जागची हलवू नका, ४८ तासांच्या आत वनरक्षकाला किंवा वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा, नाहीतर पंचनामा अडतो. मढ्यावर विष टाकू द्यायचं नाही. त्यात मरतं ते तरस.

विहिरींना तीन फुटी कठडे बांधा. बिबट्या पडलाच तर दोरांनी बाज (खाट) आत सोडा म्हणजे तो टेकेल, गर्दी हटवा आणि वनखात्याला बोलवा. आणि जागा वनखात्याची असेल तर पाणवठ्यालाही वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांची लेखी परवानगी लागते. अर्ज आत्ताच द्या, काँक्रीट फेब्रुवारीत पडायला हवं.