‘जंप’ म्हणजे नुसती उडीच का?

परभणीचे_सर: दहावीची पोरं ‘जंप’ दिसलं की ‘उडी मारणे’ लिहून मोकळी व्हायलीत. ‘ही जंप्ड बेल’चं भाषांतर ‘त्यानं जामिनावर उडी मारली’! पाठांतराऐवजी काही खूण आहे का? आणि डीपीवरचा (विजेच्या ट्रान्सफॉर्मरवरचा) जंपर, आजीचा झंपर हेही ह्याच घरातले का?

शब्दवेडा_नांदेड: खूण आहे. ‘जंप’च्या पुढं ‘ॲट’, ‘ऑन’ असलं काही न येता थेट नाम आलं, तर बहुतेकदा नियम मोडलेला असतो. क्यू: रांगेत मधेच घुसणं. लाइट: सिग्नल तोडणं. बेल: जामीन घेऊन तारखेला गुंगारा देणं. गन: पिस्तूल वाजायच्या आधीच पळणं, म्हणून उतावीळपणा. (शर्यतीत आवाजानंतर 0.1 सेकंदाच्या आत हललं तरी चूकच धरतात.) कुंपण असेल तर मात्र खरीच उडी.
‘ॲट’ आलं तर संधीवर झडप, ‘ऑन’ आलं तर अंगावर धावून जाणं. ‘यू मेड मी जंप’मध्ये उडी लिहिली की मार्क गेले, तिथं ‘केवढ्यानं दचकवलंस!’

मोंढा_लातूर: भावाच्या बातमीत ‘बाय’ की ‘टू’ ते आधी बघा. सोयाबीन 4,500 असताना ‘जंप्ड बाय 200’ म्हणजे 200नं उसळून 4,700. ‘जंप्ड टू 200’ लिहिलं तर मोंढ्यात राडा होईल. आणि रोज पाच-दहा रुपयांनी चढणाऱ्या भावाला जंप म्हणत नाहीत, झटक्यात वाढला तरच.

वायरमन_गंगाखेड: डीपीवरचा जंपर ह्याच घरातला. खांबावर तार तोडून दोन्हीकडं ताणलेली असते, तिथं इन्सुलेटरला वळसा घालून दोन टोकं जोडणारा तुकडा म्हणजे जंपर. जोड ढिला पडला की तापतो, जळून तुटतो. मग गावभर ‘जंपर उडाला’! एक फेज गेला की विहिरीवरची मोटर नुसती गुणगुणायली, फिरत नाही. लगेच बंद करा, नाहीतर वाइंडिंग जळालंच. काठीनं जोडायच्या भानगडीत पडू नका, लाइनमनला बोलवा.

शब्दवेडा_नांदेड: झंपर मात्र परका. इंग्रजीतल्या कपड्याच्या ‘जंपर’चं मूळ उडीत नाही, बहुतेक फ्रेंच ‘ज्युप’ आणि त्यामागं अरबी ‘जुब्बा’. आपला झब्बाही त्या जुब्ब्याचाच. म्हणजे आजीचा झंपर नि आजोबांचा झब्बा चुलत भावंडं.