रोजचा मेल टर्मिनलमध्ये वाचावा का? माझं मत: हो

कळफलक

गेली नऊ वर्षं माझा सगळा मेल मी मट या प्रोग्रॅममध्ये वाचतो. टर्मिनल म्हणजे नुसत्या अक्षरांत आज्ञा टाइप करायची काळी खिडकी. एका ओळीत एक मेल, माउसला हात लावायचा नाही. ऑफिसात नव्याने आलेल्या मुलाने परवा मागून बघितलं आणि विचारलं, "सर्व्हरचे लॉग बघताय का?" त्याला दोन वाक्यांत सांगितलं, इथे जरा सविस्तर मांडतो. ज्याचं काम लिहिण्यावाचण्यावर चालतं, त्याने मेल टर्मिनलमध्ये आणावा, असं माझं ठाम मत आहे.

माझं काम लिनक्स कर्नलच्या (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) ड्रायव्हरचं. तिथे बदल सुचवायचा तर पॅच, म्हणजे कोडमधला नेमका बदल, मेलच्या मजकुरातच, साध्या अक्षरांत पाठवावा लागतो. एचटीएमएल मेल, म्हणजे वेबपानासारखा सजवलेला मेल, तिथे स्वीकारलाच जात नाही. जीमेलच्या वेबपानावरून पाठवला तर टॅबच्या जागी स्पेस येतात, ७८ अक्षरांवर ओळ तुटते आणि समोरच्याच्या कोडला तो पॅच लागत नाही. कर्नलच्या कागदपत्रांतच हा इशारा दिलेला आहे. म्हणजे मी मटकडे गेलो तो गरजेपोटी.

टिकलो मात्र वेगळ्या कारणाने. साठ उत्तरांची चर्चा असली तरी कुणी कुणाला उत्तर दिलं हे झाडासारखं समोर दिसतं. एल दाबून पाठवणाऱ्याचं नाव आणि 'गेला आठवडा' एवढी अट टाकली की तेवढेच मेल उरतात. मेल माझ्या डिस्कवर असतो, मेलडिर पद्धतीने, म्हणजे एक मेल म्हणजे एक फाइल. कोकण रेल्वेने गावी जाताना बोगद्यांमागून बोगदे येतात आणि रेंज जाते, तरी मी पाच वर्षांपूर्वीचा मेल शोधून त्याला उत्तर लिहून ठेवतो. ते चिपळूणला पोचल्यावर जातं. मी मेल कधी उघडला हे पाठवणाऱ्याला कळवणारं एका ठिपक्याचं चित्र मटमध्ये उघडतच नाही. माझा पत्रव्यवहार माझ्या घरात आहे, ही भावना मला फार मोलाची वाटते.

हिशेबनीस

सहमत नाही. तुमचं जग पॅचचं आहे, आमचं रंगीत तक्त्यांचं.

मी एका कारखान्यात खरेदीची बिलं बघते. पुरवठादाराचा मेल असा येतो: "खाली लाल केलेल्या ओळी दुरुस्त करून पाठवा." तुमच्या काळ्या खिडकीत लाल ओळ कुठली? तक्ता मेलच्या अंगातच चिकटवलेला असतो. माझ्या भावाने हौसेने मला मट लावून दिलं होतं, तेव्हा एचटीएमएलचा मजकूर करून दाखवणारा प्रोग्रॅम मध्ये होता. बारा रकान्यांचा तक्ता ऐंशी अक्षरांच्या रुंदीत कोंबला गेला आणि दराच्या रकान्यातला आकडा प्रमाणाखाली आला. तो चुकीचा वाचून मी एक बिल पुढे पाठवलं होतं. चूक माझी होती, पण ती झाली कशामुळे, हे मला चांगलं माहीत आहे.

दुसरं, मीटिंगची निमंत्रणं. स्वीकारलं की कॅलेंडरात नोंद व्हायला हवी. ते तुम्ही हाताने करणार का?

तिसरं, परवानगी. गुगलने ३० मे २०२२ पासून नुसता पासवर्ड देऊन आत जाण्याची सोय बंद करायला घेतली. आता दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून सोळा अक्षरांचा वेगळा ॲप पासवर्ड काढावा लागतो. मायक्रोसॉफ्टनेही एक्सचेंज ऑनलाइनवर, म्हणजे ऑफिसांसाठीच्या त्यांच्या मेल सेवेवर, साधा पासवर्ड ऑक्टोबर २०२२ पासून बंद करत नेला. तिथे आता पासवर्डऐवजी टोकन, म्हणजे ॲपला दिलेली डिजिटल परवानगी, लागतं आणि त्याला ऑफिसच्या आयटीवाल्यांची मंजुरी. "मला टर्मिनलमधून मेल बघायचाय" असं सांगितल्यावर आमच्याकडे उत्तर आलं: नाही.

कळफलक

लाल ओळींचं मान्य. मी असा मेल आला की व्ही दाबून त्याचा एचटीएमएल भाग ब्राउझरमध्ये उघडतो. कुठल्या प्रकारची फाइल कशात उघडायची हे सांगणाऱ्या मेलकॅप फाइलमध्ये एक ओळ लिहून ठेवली की झालं. माझ्याकडे दिवसात दोन-तीन वेळाच ही वेळ येते.

हिशेबनीस

माझ्याकडे चाळीस वेळा येईल. मग ब्राउझरमध्येच का बसू नये?

जुना डायलअप

मी वयाने तुमच्या सगळ्यांपेक्षा मोठा असेन, म्हणून थोडं मागचं सांगतो. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं, त्यानंतर मी नुसत्या अक्षरांचं शेल अकाउंट घेतलं. चित्रं दिसणारं टीसीपी-आयपी अकाउंट कितीतरी महाग होतं. शेलमध्ये मेलसाठी पाइन हा प्रोग्रॅम. वॉशिंग्टन विद्यापीठात तयार झालेलं ते पाइन चालायचं व्हीएसएनएलच्या यंत्रावर. आमच्या घरचा संगणक फोनवरून त्याला जोडलेला एक पडदा, एवढंच. मेलही तिकडेच असायचा. मिनिटं मोजली जात, म्हणून पत्र आधी लाइन न जोडता लिहायचो, मग जोडून चिकटवायचो.

हे सांगायचं कारण, टर्मिनलमधल्या मेलवर हल्ली जे प्रेमाने लिहिलं जातं त्यात हा काळ फार गोड करून सांगतात. आम्ही पाइन वापरलं कारण तेवढंच परवडत होतं. मुलीचा बारशाचा फोटो अमेरिकेतल्या भावाने पाठवला, तो आधी पाइनमधून फाइल म्हणून काढायचा, मग झेडमोडेम या फाइल पाठवण्याच्या पद्धतीने फोनलाइनवरून घरी उतरवायचा. लाइन मध्येच तुटली. तिसऱ्या दिवशी तो फोटो दिसला. आज माझी बायको फोनवर नातवाचा फोटो उघडते आणि लगेच उत्तर देते. ही सोय सोडून मी काळ्या खिडकीत परत जाणार नाही.

मेल स्वतःच्या डिस्कवर ठेवण्याचा कळफलक यांचा मुद्दा मात्र मला पूर्ण पटतो. त्यासाठी टर्मिनल लागत नाही. थंडरबर्ड हा खिडक्या-बटणांचा मेल प्रोग्रॅमही ते करतो.

श्राव्य

मी पूर्ण अंध आहे. दर वेळी कुणीतरी म्हणतं, "टर्मिनल म्हणजे नुसता मजकूर, अंधांना तर सोपंच." या धाग्यावर अजून कुणी म्हटलेलं नाही, पण येईल, म्हणून आधीच लिहितो.

मटसारखा प्रोग्रॅम पडद्यावर कुठेही उडी मारून अक्षरं रंगवतो. पडदा बोलून वाचणाऱ्या स्क्रीन रीडरला पडदा बदलला एवढंच कळतं. ही ओळ म्हणजे मेलचा विषय आणि ती म्हणजे खालची स्थितीपट्टी, हे त्याला कुणी सांगत नाही. बाण दाबला की कधी ओळ वाचली जाते, कधी मेलची संख्या. ब्राउझरमध्ये निदान शीर्षक, यादी, बटण अशा खुणा असतात. मी विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर आणि थंडरबर्ड वापरतो, दिवसाचं काम नीट होतं.

मजकुराचा खरा फायदा कसा घ्यायचा हे टी. व्ही. रामन यांनी दाखवलं. पुण्यात वाढलेले, वाडिया कॉलेजात आणि मग आयआयटी मुंबईत शिकलेले, स्वतः अंध. त्यांचं १९९५ पासूनचं ईमॅकस्पीक पडदा वाचत बसत नाही. ईमॅक्स या मजकूर-संपादकाच्या आतूनच, कोणती गोष्ट काय आहे हे जाणून बोलतं. पाठवणारा एका आवाजात, विषय दुसऱ्या. मी ते वर्षभर वापरलं. मेल वाचायला त्याहून सुखाचं मला काही मिळालेलं नाही. पण ईमॅक्स शिकायला मला चार महिने लागले, आणि तेवढा वेळ प्रत्येकाकडे नसतो.

मात्रावेलांटी

आता मराठीचं कुणीतरी बोला, नाहीतर मीच बोलते. मी मुद्रितशोधक आहे, माझा नव्वद टक्के मेल देवनागरीत असतो.

टर्मिनल म्हणजे चौकोनांची जाळी. एका चौकोनात एक अक्षर, हा हिशेब रोमनसाठी ठरला. 'कि' लिहिताना युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत, आधी क येतो, मग ऱ्हस्व वेलांटी, पण डोळ्यांना वेलांटी आधी दिसायला हवी. बऱ्याच टर्मिनलांत ती क-च्या मागे लटकते किंवा पुढच्या अक्षरावर चढते. जोडाक्षराचे तुकडे होतात, 'विठ्ठल'मध्ये हलन्त चिन्ह उघडं पडतं. रुंदी चुकली की यादीतले रकाने सरकतात, तारीख विषयावर जाते. माझं काम वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ हे बघण्याचं. ती कुठल्या अक्षराची हेच कळेना, तर मी काय तपासू?

कळफलक, नऊ वर्षांत तुम्हाला हे एकदाही लिहावंसं वाटलं नाही, म्हणजे तुमचा मेल इंग्रजीत चालतो. त्याबद्दल तक्रार नाही. पण "ज्याचं काम लिहिण्यावाचण्यावर चालतं" असं सरसकट म्हणताना त्यात मी धरलेलीच नाही.

कळफलक

हे लागलं, आणि बरोबर आहे. माझे मराठी मेल घरच्यांचे, ते मी फोनवर वाचतो. धागा लिहिताना ते मनातही आले नाहीत.

थोडं काही करता येतं, ते सांगतो. मट स्वतः संपादक नाही, तो मजकूर तुम्ही सांगाल त्या प्रोग्रॅमकडे देतो. तिथे जी-एडिट हा साधा संपादक लावा, मराठी नीट उमटेल. फक्त आज्ञेत 'वेट'चा पर्याय द्या. नाहीतर मटला वाटतं तुम्ही काहीच न लिहिता बाहेर आलात, आणि तो पत्र रद्द करतो. वाचण्यासाठी एमएलटर्म करून बघा, ते भारतीय लिपी ध्यानात घेऊन बनवलेलं टर्मिनल आहे.

मात्रावेलांटी

काल रात्री दोन्ही करून बघितलं. जी-एडिटमध्ये पत्र छान लिहिता आलं. पण विषय मट स्वतःच्याच खिडकीत विचारतो, तिथे 'दुरुस्ती' टाइप करून एक अक्षर खोडायला गेले तर कर्सर भलत्याच अक्षरावर.

कळफलक

एडिट-हेडर्स आणि ऑटोएडिट ही दोन सेटिंग्ज चालू करा. मग विषय आणि पत्ताही जी-एडिटमध्येच लिहिता येतात, मट आधी काही विचारत नाही.

मात्रावेलांटी

झालं, चालतंय. आभार. एमएलटर्ममध्ये मेल वाचताही बऱ्यापैकी येतो. पण तिथेही यादीतले लांब विषय माझ्याकडे मध्येच तुटतात, कधी नेमकं जोडाक्षरावर. आणि कुठलं पुस्तक आधी हातात घ्यायचं हे मी यादीवर नजर टाकूनच ठरवते. म्हणून माझा कामाचा मेल जिथे आहे तिथेच राहील. छपाईवाल्याचा इंग्रजी पत्रव्यवहार तेवढा मटमध्ये हलवते आहे.