मदत हवी आहे: 'पिक अप इट' का चुकतं, हे सातवीच्या लेकरांना मराठीतून कसं समजावू?

नमस्कार. मी परभणी जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या एका शाळेवर आहे. सहावी ते आठवीला इंग्रजी आणि सहावी-सातवीला मराठी शिकवतो. मी स्वतः पाचवीत एबीसीडी गिरवली. २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं, त्यामुळे माझ्या वर्गातल्या लेकरांच्या कानावर शब्द पुष्कळ आहेत. अडतं ते वाक्यात, आणि आता तर माझंच अडलंय.

गेल्या आठवड्यात कापूस वेचणीवर पाच वाक्यं लिहायला दिली. निम्मा वर्ग सुट्टीच्या दिवशी वेचायला जातो, म्हणून विषय मुद्दाम घरचा घेतला. बोंडातला कापूस 'पिक' करायचा आणि मातीत पडलेला 'पिक अप' करायचा, हा फरक त्यांना लगेच कळला. मग एका मुलीने लिहिलं, 'द बॅग फेल. आय पिक्ड अप इट.' मी लाल पेनाने 'पिक्ड इट अप' केलं. ती वही घेऊन परत आली.

"सर, 'पिक्ड अप द बॅग' बरोबर हाय म्हणलात. मग बॅगेच्या जागी 'इट' ठेवलं तर कामून चुकलं?"

नामाऐवजी सर्वनाम येतं, हे मराठीच्या तासाला मीच शिकवलेलं. म्हणजे ती माझाच नियम मला दाखवत होती. मी म्हणालो, "सर्वनाम आलं की ते मधे घालायचं." तिने मान डोलावली, पण पटलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी निम्म्याहून जास्त वह्यांत 'लुक हिम ॲट', 'वेट मी फॉर', 'लिसन मी टू' अशी वाक्यं आली. लेकरांनी ऐकलं तेच केलं होतं. चूक माझ्या अर्धवट नियमाची.

मग तक्ता केला: डावीकडे 'मधे घालायची' क्रियापदं, उजवीकडे 'शेवटी ठेवायची'. पाठ झाला, पण तक्त्याबाहेरचं क्रियापद आलं की पुन्हा अंदाजपंचे. मला पाठांतर नकोय. नवं क्रियापद दिसल्यावर 'हिम', 'इट', 'मी' कुठे बसवायचं, हे लेकराला स्वतः ताडता यावं, अशी खूण हवी आहे. आणि 'सर, एक्स्प्लेन मी धिस सम' हे रोज ऐकतो, तेही याच घरातलं दुखणं आहे का? कुणी शिकवलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद

सर, मी अंबाजोगाईला अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवते. तुमची विद्यार्थिनी फार मोलाचा प्रश्न विचारतेय. माझ्याकडे येईपर्यंत मुलं असे प्रश्न विचारायचं सोडून देतात.

तक्ता बाजूला ठेवा. खूण तुमच्या मराठीच्या तासातच आहे. 'तो वर गेला' यात 'वर' क्रियाविशेषण अव्यय आणि 'तो झाडावर चढला' यात शब्दयोगी अव्यय, हे शिकवलंत ना? शब्द एकच. एकदा तो क्रियापदाचा सोबती, एकदा नामाला चिकटलेला. इंग्रजीतले 'अप', 'ऑन', 'डाउन', 'ओव्हर' अगदी तसेच दुतोंडी आहेत.

मुलांना एवढंच विचारायला लावा: हा शब्द त्या नामाला चिकटवला तर अर्थ लागतो का? 'गेट ऑन द बस': बसवर, बसमध्ये. लागतो. म्हणजे शब्दयोगी. त्याने नामाचा हात धरलाय आणि सर्वनाम आलं तरी तो सोडणार नाही: 'गेट ऑन इट'. आता 'पुट ऑन युअर कॅप' घ्या. टोपीवर? टोपीवर काही ठेवायचं नाहीये, टोपीच डोक्यावर ठेवायचीय. म्हणजे 'ऑन' टोपीचा नाही, क्रियापदाचा. म्हणून 'पुट इट ऑन'. 'पिक अप द बॅग' मध्येही बॅगेच्या वर काही होत नाही, बॅगच वर येते. माझ्या वर्गात टोपीचं उदाहरण मी प्रत्यक्ष टोपी घालून दाखवते. ते विसरलेला मुलगा अजून भेटला नाही.

एक जोडी फळ्यावर नक्की लिहा. 'टर्न इट ऑन' म्हणजे पंखा लाव. 'द डॉग टर्न्ड ऑन हिम' म्हणजे कुत्रं त्याच्यावर उलटलं. दुसऱ्यात 'त्याच्यावर' स्पष्ट ऐकू येतं, म्हणून 'ऑन हिम' एकत्र.

आता तिचं 'कामून'. इंग्रजी वाक्यात शेवटची जागा वजनदार असते. नवी माहिती, लांब शब्दसमूह तिथे जातात आणि आवाजाचा जोरही तिथेच पडतो. 'इट' हलकं, ऐकणाऱ्याला आधीच माहीत असलेलं, जोर न पेलणारं. म्हणून ते आत सरकतं आणि शेवट 'अप'ला मिळतो: 'पिक इट अप'. उलट 'गेटजवळ पडलेल्या सगळ्या पिशव्या' एवढं लांबलचक कर्म असेल तर 'अप' आधी येऊन जातो आणि कर्म मागे राहतं. 'द बॅग' मधल्या वजनाचं, म्हणून 'पिक अप द बॅग' आणि 'पिक द बॅग अप' दोन्ही चालतं. म्हणजे नाम हलू शकतं, सर्वनामाला मात्र ती मोकळीक नाही.

'एक्स्प्लेन मी' हे शेजारचं दुखणं. आपला 'ला' सगळीकडे एकच: मला दे, मला सांग, मला समजाव. इंग्रजीत 'गिव्ह', 'टेल', 'शो', 'सेंड' यांच्यापाठोपाठ 'मी' थेट येतं. 'एक्स्प्लेन', 'डिस्क्राइब', 'सजेस्ट' यांना माणसाआधी 'टू' लागतो: 'एक्स्प्लेन धिस सम टू मी'. पहिली चार इंग्रजीची जुनी, घरची क्रियापदं. दुसरी लॅटिनकडून आलेली, आणि त्यांतल्या पुष्कळांनी ही सवय उचललीच नाही. पण याचा पक्का नियम करू नका: 'प्रॉमिस' बाहेरचं असून 'प्रॉमिस मी' चालतं, आणि 'से' घरचं असून 'से मी' चालत नाही.

प्रतिसाद

मॅडमच्या उत्तराला जोड. टाळीने तपासा. 'पिक इट अप' म्हणताना जोर 'अप'वर, 'लुक ॲट हिम' म्हणताना 'लुक'वर. जोराच्या शब्दावर टाळी वाजवायची. आमच्या जालन्याच्या शाळेत लहान वर्गांनाही जमतं.

धागाकर्ता

मॅडम, सर, मनापासून आभार. काल टोपी नव्हती, एका मुलाचा रुमाल डोक्याला बांधला. "रुमालावर की डोक्यावर?" विचारलं आणि वर्ग ओरडला, "डोक्यावर!" ती मुलगी स्वतःहून फळ्यापाशी आली आणि तिने 'पुट इट ऑन' लिहिलं.

टाळीही केली, पण 'लुक आफ्टर हर' वर लेकरांनी 'आफ्टर'वर टाळी दिली आणि मग 'लुक हर आफ्टर' केलं. मी म्हणून पाहिलं, जोर खरंच थोडा तिथे पडतो. चिकटवून पाहावं तर 'तिच्यानंतर बघ' यालाही अर्थ नाही. इथे काय सांगावं?

प्रतिसाद

चांगलं पकडलंत. अर्थ बदललेल्या जोड्यांत चिकटवण्याची खूण लंगडी पडते, आणि 'आफ-टर' अशा दोन तुकड्यांत उच्चारायच्या शब्दावर टाळी फसते. तिथे शब्दच ओळखायचा. 'ॲट', 'फॉर', 'ऑफ' (एकाच एफचा), 'विथ', 'फ्रॉम', 'इन्टू', 'आफ्टर' यांना या जोड्यांत पुढे नाम किंवा सर्वनाम लागतंच, म्हणून 'लुक आफ्टर हर', 'वेट फॉर मी'. 'अवे' आणि 'बॅक' कायम क्रियापदाचे: 'थ्रो इट अवे', 'गिव्ह इट बॅक'. चिकटवून बघायची गरज फक्त दुतोंडी शब्दांना.

शाळेत ऑक्सफर्डची ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी असेल तर 'पिक' उघडा. जिथे कर्म दोन्ही जागी बसतं तिथे दोन्हीकडे टोक असलेला बाण छापलेला असतो. तो बाण तिला स्वतः शोधू द्या.

धागाकर्ता

डिक्शनरी मुख्याध्यापकांच्या कपाटात आहे. सोमवारी किल्ली मागतो.