छकुलीच्या नागरिकत्वाचे कागद: आपल्या फॅमिली ग्रुपवरचं बोलणं

*रविवार*

छकुली (एडिसन, न्यू जर्सी): सगळ्यांना नमस्कार. एक विचारायचं होतं. ह्या फेब्रुवारीत माझ्या ग्रीन कार्डला तीन वर्षं झाली. हे अमेरिकेचे नागरिक आहेत, त्यामुळे मला पाच वर्षं थांबायची गरज नाही, तीन वर्षांवर नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. पण सोबत नवरा-बायकोच्या एकत्र संसाराचे कागद लावायचे असतात. जॉइंट बँक खातं, दोघांच्या नावचा भाडेकरार, घराचं कर्ज, लाइट बिल. माझ्या नावावर ह्यातलं एकही नाही. घर सासऱ्यांचं, बिलं सासऱ्यांच्या नावची, ह्यांचा पगार बाप-लेकाच्या खात्यात जातो. मला लागतील तसे पैसे मिळतात, कुणी अडवत नाही. पण कागद कुठून आणू?

आत्या (सांगली): अगं मग आधी बोलायचं नाही का? किती दिवस एकटीच कुढत बसलीस?

अण्णाकाका (तासगाव): उत्पन्नाचा दाखला चालेल का? उद्याच तलाठ्याकडे जातो. तुझ्या वडिलांचा सात-बारा आणि द्राक्षबागेच्या पावत्यापण पाठवतो.

सीए दादा (पुणे): नेटवर्थ सर्टिफिकेट माझ्याकडून घे. संध्याकाळपर्यंत सही करून देतो.

ताई (कोलंबस, ओहायो): काका, दादा, जरा थांबा. तुमची धावपळ कळते, पण हे कागद तिथे कुणी मागणार नाही. नागरिकत्वाच्या अर्जाला, म्हणजे एन-४०० ला, उत्पन्नाची अट नाही. तुम्हाला जे आठवतंय ते व्हिसाच्या वेळचं. तेव्हा छकुलीच्या नवऱ्याला आय-८६४ भरून द्यावा लागला होता, की बायकोला पोसेन म्हणून. त्यात गरिबीरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न दाखवायचं असतं, ते कमी पडत होतं म्हणून तिच्या मामेसासऱ्यांनी जोडीला सही केली होती. ते काम तिथंच झालं. आता पैसा किती आहे हे सिद्ध करायचं नाहीये. तीन वर्षं तुम्ही दोघं खरोखर एका घरात, नवरा-बायको म्हणून राहिलात, एवढंच दाखवायचंय.

ताई (कोलंबस, ओहायो): बँकेचे कागद मागतात ते त्यासाठी. अमेरिकेत लग्न झालं की जोडपं वेगळं बिऱ्हाड करतं, दोघांच्या नावाने खातं उघडतं, घर घेतं, त्यामुळे संसाराचा माग आपोआप कागदावर उमटतो. आपल्याकडची सून सासरच्या भरल्या घरात जाते आणि तिच्या नावाने एक पाकीटसुद्धा येत नाही. संसार खरा, कागद कोरा. छकुली, ह्यात तुझी चूक काही नाही आणि लाजायचंही कारण नाही. आपल्यातल्या कितीतरी मुलींचं हेच आहे.

छकुली (एडिसन): ताई, वाचून डोळ्यात पाणी आलं. दोन महिने मला वाटत होतं की मीच काहीतरी लपवतेय असं समजतील.

ताई (कोलंबस, ओहायो): बरं, मला आधी सांग. ग्रीन कार्ड आणि पासपोर्ट तुझ्या स्वतःच्या कपाटात आहेत ना?

छकुली (एडिसन): हो गं, माझ्याकडेच आहेत. तसं काही नाही. घरचे चांगले आहेत, फक्त पद्धत अशी पडून गेलीय.

ताई (कोलंबस, ओहायो): मग निम्मं काम झालं. कार्डावरची 'रेसिडेंट सिन्स' ची तारीख बघ, मोजणी तिथून. तीन वर्षं भरायच्या ९० दिवस आधीही अर्ज जातो, तुझी तर भरून गेलीत. त्या तीन वर्षांत निदान १८ महिने अमेरिकेत असायला हवीस. २०२४ ला काकूच्या ऑपरेशनला आली होतीस ते किती दिवस?

छकुली (एडिसन): साडेचार महिने.

ताई (कोलंबस, ओहायो): चालतंय. एका फेरीत सहा महिन्यांच्या वर गेली असतीस तर प्रश्न आला असता. पासपोर्टवरचे शिक्के बघून जाण्या-येण्याच्या तारखा आजच वहीत लिहून काढ, अर्जात विचारतात.

बंटी (पुणे): ताई, माझ्या मित्राचा मित्र जर्सीत आहे. तो म्हणतो तिथे एक एजंट आहे, मागच्या तारखेचा भाडेकरार करून देतो, सासरे घरमालक आणि ही दोघं भाडेकरू. ३०० डॉलर. एका दिवसात काम.

ताई (कोलंबस, ओहायो): बंटी, नाही. अजिबात नाही. हा विषय ह्या ग्रुपवर परत काढू नकोस.

ताई (कोलंबस, ओहायो): राग मानू नकोस, पण हे नीट समजून घे. कागद कमी असले तर जास्तीत जास्त काय होतं? अधिकारी आणखी पुरावा मागतो, किंवा अर्ज नाकारतो. नाकारला तर पुन्हा करता येतो. पण एक खोटा कागद सापडला की माणूसच खोटा ठरतो. मग खरं लग्न, खरं मूल, सगळ्यावर संशय. नागरिकत्व मिळून गेल्यावरही खोटेपणा उघड झाला तर ते काढून घेता येतं. तिने भाडं दिलेलंच नाही, तर भाडेकरार कशाला? 'आम्ही सासऱ्यांच्या घरात भाडं न देता राहतो' हे खरं आहे आणि तसंच लिहायचं.

बंटी (पुणे): सॉरी ताई. एवढं लक्षात नाही आलं.

आत्या (सांगली): मग लिहायचं तरी कसं? त्याला पुरावा काय?

ताई (कोलंबस, ओहायो): सासऱ्यांनी प्रतिज्ञापत्र द्यायचं. हे माझे मुलगा-सून, अमुक तारखेपासून माझ्या घरात वरच्या खोलीत राहतात, भाडं घेत नाही, बिलं मी भरतो. त्यावर तिथल्या नोटरीसमोर सही. सोबत घराच्या प्रॉपर्टी टॅक्सची पावती जोडायची, म्हणजे घर त्यांचं आहे हे दिसतं. मग दोघांची ड्रायव्हिंग लायसन्स, एकाच पत्त्याची. झालं, एक धागा जुळला. पण नुसत्या प्रतिज्ञापत्रांवर विसंबायचं नाही, बाजूने दुसरे कागद पाहिजेत.

ताई (कोलंबस, ओहायो): माझं सांगते. माझ्या वेळी आमच्याकडे घर नव्हतं, एका मित्राच्या फ्लॅटमध्ये एक खोली घेऊन राहायचो, करारात माझं नाव नव्हतं. ह्यांच्या डोक्यावर शिक्षणाचं कर्ज, खात्यात महिनाअखेरीला शंभर डॉलर. मी घरात असेल नसेल ते गोळा केलं. ओवीचा जन्मदाखला, त्यात आई-वडील दोघांची नावं. बाळंतपणाची हॉस्पिटलची बिलं. आरोग्य विम्याचं कार्ड. गाडीच्या विम्याचा कागद, त्यावर ड्रायव्हर म्हणून दोघं. मोबाइलचा फॅमिली प्लॅन. नागरिकत्वाच्या मुलाखतीला अधिकारी बाई एकेक कागद उलटत होत्या, बँकेच्या स्टेटमेंटवरून तर नजर नुसती फिरवली. थांबल्या कुठे माहितीय? ओवीच्या लसीच्या फॉर्मवर. एका तारखेला माझी सही, दुसऱ्या तारखेला ह्यांची, कोपऱ्यात वरणाचा पिवळा डाग. तो फॉर्म त्यांनी फाइलच्या वर ठेवला. घरी आल्यावर मी तो डाग पाहून रडले होते.

माई (आजीचा निरोप, अण्णाकाका लिहितायत): पोरी, मी सगळं ऐकलं. माझं नाव कितीतरी वर्षं फक्त रेशनकार्डावर होतं, बाकी कशावर नाही. मग १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेची लक्ष्मीमुक्ती आली. शरद जोशी गावोगाव सांगायचे, घरच्या लक्ष्मीच्या नावावर थोडी तरी जमीन करा. तुझ्या आजोबांनी वीस गुंठे माझ्या नावावर लावले. उतारा हातात आला तेव्हा मला माझ्या नावापलीकडं वाचता येत नव्हतं. तेवढंच वाचलं, चार वेळा. तू सासऱ्यांशी वाकडं बोलू नकोस, पण नाव लावून घे.

छकुली (एडिसन): माई 🙏🙏

सीए दादा (पुणे): ताई, टॅक्सचं काय? एकत्र रिटर्न हा सगळ्यात मजबूत पुरावा असणार.

ताई (कोलंबस, ओहायो): मी तिकडेच येत होते. छकुली, तीन वर्षांचे टॅक्स ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे भरलेल्या रिटर्नचे सरकारी उतारे, काढ. आयआरएसच्या, म्हणजे तिथल्या टॅक्स खात्याच्या, साइटवर तुझ्या सोशल सिक्युरिटी नंबरावर खातं उघडलं की फुकट मिळतात. नाही जमलं तर ४५०६-टी फॉर्म भरून पोस्टाने मागव. त्यात फायलिंग स्टेटस, म्हणजे रिटर्न एकट्याचा की नवरा-बायकोचा एकत्र, काय आहे ते वाच आणि आम्हाला सांग. बाकीचं नंतर.

*बुधवार*

छकुली (एडिसन): ताई, ट्रान्स्क्रिप्ट काढले. २०२४ चा माझ्या नंबरावर दिसतो, 'मॅरीड फायलिंग जॉइंटली'. २०२३ चा माझ्या नावावर काहीच नाही म्हणतंय. मग ह्यांच्या खात्यात जाऊन पाहिलं. २०२३ ला 'सिंगल' लिहिलंय. मी तर फेब्रुवारी २०२३ पासून इथे आहे, आणि लग्न तासगावला डिसेंबर २०२० मध्येच झालं. आता काय होईल?

छकुली (एडिसन): ह्यांना विचारलं. म्हणाले, नेहमीचा टॅक्सवाला मागच्या वर्षीचंच सगळं पुढे ओढतो, सही मागितली, केली. हेही घाबरलेत.

आत्या (सांगली): देवा.

ताई (कोलंबस, ओहायो): घाबरू नका दोघंही. आधी कळलं हे फार बरं झालं. मुलाखतीच्या टेबलावर कळलं असतं तर? सरकारला एका हाताने सांगायचं मी लग्नाचा आणि दुसऱ्या हाताने सांगायचं मी एकटा, हे चालत नाही. पण दुरुस्ती करता येते. १०४०-एक्स, म्हणजे रिटर्न दुरुस्तीचा फॉर्म, भरून २०२३ चा रिटर्न जॉइंट करून घ्या. तीन वर्षांच्या आत करायचं असतं, म्हणजे तुम्हाला १५ एप्रिल २०२७ पर्यंत मुदत आहे. तेवढी वाट बघू नका, ह्याच महिन्यात करा. २०२५ चा रिटर्न तर भरायचाच आहे, तो पहिल्यापासून जॉइंट. आणि ह्या वेळी त्या टॅक्सवाल्याकडे नको, नीट वाचून समजावून सांगणारा माणूस शोधा. सही करताना पहिलं पान दोघांनी वाचा.

सीए दादा (पुणे): अगदी बरोबर. इथेही हेच सांगतो लोकांना. कोऱ्या विश्वासावर सही करू नका.

छकुली (एडिसन): मग अर्ज लगेच करू की थांबू?

ताई (कोलंबस, ओहायो): माझं मत, थांब. तुझं कार्ड दहा वर्षांचं आहे, २०३३ पर्यंत. कुणी मागे लागलेलं नाही. रिटर्न दुरुस्त होऊन नवा ट्रान्स्क्रिप्ट हातात येऊ दे, दुरुस्तीला काही महिने लागतात. तोवर बाकी फाइल जमव. दुसरा रस्ताही लक्षात ठेव. तीन वर्षांची सवलत नवऱ्याच्या नात्यावर आहे, म्हणून संसाराचे पुरावे. कार्डाला पाच वर्षं झाली की अर्ज स्वतःच्या हक्कावर करता येतो. तेव्हा एकत्र संसाराची अट नसते, नवऱ्याचे कागद लावायला लागत नाहीत. म्हणजे तुझं दार कुठेच बंद नाहीये. कार्ड लग्नावर मिळालंय, त्यामुळे जुनी फाइल ते तेव्हाही चाळतील, आणि टॅक्स तेव्हाही सरळच हवा. पण तुझं सगळं खरंच आहे.

अण्णाकाका (तासगाव): फी किती?

ताई (कोलंबस, ओहायो): ऑनलाइन ७१०, कागदी अर्ज ७६० डॉलर. कमी उत्पन्नाच्या घराला ३८० ची सवलत आहे, ती मागायची तर अर्ज कागदी करायचा. आणि वकील परवडत नसेल तर सरकारमान्य प्रतिनिधी असलेल्या सेवाभावी संस्था असतात, एडिसनच्या आसपास नक्की मिळेल. फाइल एकदा त्यांना दाखव, मी काही वकील नाही.

ताई (कोलंबस, ओहायो): हो, नावाचं राहिलं. तुझ्या पासपोर्टवर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, लायसन्सवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं. आपली मधल्या नावाची पद्धत तिकडे कुणाला कळत नाही. अर्जात 'वापरलेली इतर नावं' असा रकाना असतो, तिथे सगळी लिही, एकही सोडू नकोस.

अण्णाकाका (तासगाव): एक विचारू? मग भारताचा पासपोर्ट परत द्यायचा? आणि वडिलांच्या जमिनीतला वाटा?

ताई (कोलंबस, ओहायो): हो काका. भारत दोन नागरिकत्वं मानत नाही. तिकडच्या नागरिकत्वाची शपथ झाली की भारताचा पासपोर्ट वापरायचा नाही, तो जमा करायचा आणि ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं कार्ड, काढायचं. मी दिला तेव्हा जड गेलं होतं. ओसीआयवर नवी शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसाने आलेला हिस्सा राहतो. तिचा वाटा कुठे जात नाही.

माई (आजीचा निरोप, अण्णाकाका लिहितायत): मग करू दे. ती येत-जात राहिली की झालं.

छकुली (एडिसन): आज जेवताना सासऱ्यांशी बोलले. वाटलं होतं रागावतील. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, आम्हाला सुचलंच नाही गं, उद्या बँकेत जाऊ. प्रतिज्ञापत्रही देतो म्हणाले.

आत्या (सांगली): शहाणा माणूस. माझा नमस्कार सांग त्यांना.

बंटी (पुणे): छकुली, नागरिकत्वाच्या परीक्षेचे प्रश्न मी रोज घेतो तुझे, व्हिडिओ कॉलवर. ऑक्टोबर २०२५ पासून नवी परीक्षा आहे ना? १२८ प्रश्नांमधून २० विचारतात, १२ बरोबर पाहिजेत. वाचून ठेवलंय मी.

छकुली (एडिसन): चालेल. तुमच्या सकाळी सातला.

*पुढचा शनिवार*

छकुली (एडिसन): १०४०-एक्स गेला. नवीन बाई आहेत टॅक्सच्या, दोन तास बसून प्रत्येक ओळ समजावली. आणि हे बघा, बँकेचं पाकीट आलं. पहिल्यांदा माझं नाव छापून आलंय, ह्यांच्या नावाखाली.

ताई (कोलंबस, ओहायो): किती छान! पण छकुली, हे खातं आजचं आहे, मागच्या तीन वर्षांचं म्हणून दाखवायचं नाही. आजचं म्हणूनच लावायचं. त्यावर रोजचा व्यवहार होऊ दे, किराणा, पेट्रोल, पिल्लूच्या शाळेची फी.

छकुली (एडिसन): हो ताई. पाकीट फोडू का?

ताई (कोलंबस, ओहायो): कडेने, कात्रीने काप. पत्ता आणि पोस्टाचा शिक्का फाटता कामा नये. दोन्ही बाजूंचा फोटो काढून मला पाठव, मग फाइलला लाव.