हाफलाँगचा कारभार नेमका कोणाकडे?

सातारकर:

माझ्या धाकट्या भावाची रेल्वेत बदली झाली असून तो नुकताच आसाममधील न्यू हाफलाँग स्थानकावर रुजू झाला आहे. हाफलाँग हे दिमा हसाओ जिल्ह्याचे मुख्यालय आहे. तेथे जिल्हा प्रशासन आणि पोलीस अधीक्षक तर आहेतच, शिवाय ‘दिमा हसाओ स्वायत्त परिषद’ नावाची स्वतंत्र संस्था आहे आणि शहरासाठी वेगळी नगर समितीही आहे. ही परिषद म्हणजे आपल्याकडील जिल्हा परिषदेचाच एक प्रकार समजावा का? तेथे राहण्यासाठी प्रवेश परवाना लागतो का, आणि पुढेमागे लहानसा भूखंड घेता येईल का, हेही जाणकारांनी सांगावे.

ईशान्यवाट:

जिल्हा परिषदेशी तुलना केल्यास गैरसमजच होईल. आपल्याकडील जिल्हा परिषद राज्याच्या कायद्याने चालते आणि तिला स्वतः कायदा करता येत नाही. हाफलाँगची परिषद मात्र राज्यघटनेच्या सहाव्या अनुसूचीतून (ईशान्येतील आदिवासी भागांच्या स्वशासनाची तरतूद) आलेली असून, जमिनीचे वाटप व वापर, राखीव नसलेली जंगले, फिरती शेती (तेथे तिला झूम म्हणतात), गावपरिषदा, वारसा, विवाह आणि सामाजिक रूढी या विषयांवर तिला राज्यपालांच्या संमतीने कायदे करता येतात. यांपैकी बहुतेक विषयांवरील आसाम विधानसभेचा कायदा परिषदेने स्वीकारल्याखेरीज तेथे लागू होत नाही. १९९५ मध्ये अनुसूचीत ‘३अ’ हा परिच्छेद घालून या परिषदेला आणि शेजारच्या कार्बी आंगलाँगच्या परिषदेला आणखी काही विषय देण्यात आले.

परिषद १९५२ पासून अस्तित्वात आहे. तिचे तीस सदस्य असून त्यांपैकी अठ्ठावीस निवडून येतात आणि दोघांना राज्यपाल नामनिर्देशित करतात. प्रमुखाला मुख्य कार्यकारी सदस्य म्हणतात, आणि त्याच्या हाताखालील कार्यकारी सदस्य मंत्र्यांप्रमाणे खाती सांभाळतात. कायदा व सुव्यवस्था मात्र राज्य सरकारकडेच आहे, त्यामुळे आपल्याला दिसलेली दुहेरी रचना खरी आहे. रेल्वे तर केंद्राचीच. मे २०२२ मधील दरडींनी न्यू हाफलाँग स्थानक गाडले गेले, तेव्हा मार्ग पूर्ववत करण्याचे काम रेल्वेनेच केले.

प्रवेश परवान्याची व्यवस्था नागालँड, मिझोराम, अरुणाचल आणि मणिपूर या राज्यांत आहे. आसामच्या या जिल्ह्यात ती नाही, त्यामुळे भावाने निश्चिंत राहावे. भूखंडाचा विचार मात्र तूर्त बाजूला ठेवावा. जमिनीचा विषय परिषदेच्या हातात असल्याने, महाराष्ट्रातल्यासारखा दस्त नोंदवून मालक होण्याचा सरळ मार्ग तेथे गृहीत धरता येत नाही. कोणी ‘कागद करून देतो’ म्हणत असेल, तर परिषदेच्या महसूल कार्यालयात स्वतः खात्री करून घेतल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये.

कलमदान:

वरील माहिती बरोबर आहे, पण ती वाचून परिषद म्हणजे जणू छोटे राज्यच असा समज होण्याचा धोका आहे. परिषदेला जमीनमहसूल, व्यवसायकर, वाहनांवरील कर आणि बाजारात येणाऱ्या मालावरील कर आकारता येतात, हे खरे आहे. परंतु २०११ च्या जनगणनेनुसार सव्वादोन लाखांहूनही कमी वस्ती असलेल्या डोंगराळ जिल्ह्यात अशा करांतून कितीसे उत्पन्न होणार? राज्याची खाती परिषदेकडे हस्तांतरित झाली, तरी त्यांचा पैसा मुख्यतः राज्याच्या अर्थसंकल्पातून येतो, आणि ज्याच्या हाती थैली त्याचा शब्द चालतो. घटनेच्या कलम २४४अ नुसार ‘स्वायत्त राज्य’ मिळावे ही मागणी दिमा हसाओ आणि कार्बी आंगलाँग या डोंगरी भागांत वारंवार उठली, त्यामागे हेही एक कारण आहे. याच कलमाच्या आधारे १९७० मध्ये मेघालय आधी आसामअंतर्गत स्वायत्त राज्य झाले आणि १९७२ मध्ये पूर्ण राज्य.

दुसरा मुद्दा नगर समितीचा, ज्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. नगरपालिकांना घटनात्मक संरक्षण देणारी ७४ वी घटनादुरुस्ती सहाव्या अनुसूचीतील क्षेत्रांना आपोआप लागू होत नाही. आपल्या नगरपालिकेची निवडणूक दर पाच वर्षांनी घेण्याचे बंधन घटनेतच आहे (ते पाळले जाते की नाही, हा वेगळा विषय). हाफलाँगच्या नगर समितीला तेवढा आधार नाही, कारण नगरप्रशासन हा परिषदेच्या अखत्यारीतील विषय आहे. गुवाहाटीने, म्हणजे राज्य सरकारने, हाफलाँगला मोकळीक द्यावी असे म्हणणाऱ्या परिषदेने स्वतःच्या शहराला किती मोकळीक दिली, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

ईशान्यवाट:

थैलीबद्दल सहमत आहे. नगर समितीबद्दल मात्र एक बाजू मांडतो. या जिल्ह्यात दिमासांबरोबर झेमी नागा, ह्मार, कुकी, कार्बी, बियाते, ह्रांगखोल असे अनेक समाज राहतात, आणि हाफलाँगमध्ये ते एकमेकांशी ‘हाफलाँग हिंदी’ या तेथेच घडलेल्या मिश्र बोलीत बोलतात. २०१० मध्ये उत्तर कछार हिल्स हे नाव बदलून जिल्ह्याला दिमा हसाओ हे नाव देण्यात आले, तेव्हा दिमासेतर समाजांनी त्यास विरोध केला होता. बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या लोकांची वस्ती शहरातच वाढते, त्यामुळे शहराचे नियंत्रण स्वतंत्र नगरपालिकेकडे गेल्यास जमिनीवरील पकड सैल होईल, अशी भीती आदिवासी प्रतिनिधींना वाटू शकते. ती भीती निराधार म्हणता येणार नाही.

कलमदान:

भीती समजू शकतो. पण जमिनीचा अधिकार परिषदेकडे ठेवून कचरा, पाणी आणि दिवाबत्ती निवडून आलेल्या नगर समितीकडे सोपवता येते. त्यासाठी घटनादुरुस्तीचीही गरज नाही, परिषदेने स्वतःचा कायदा केला तरी पुरे.

सातारकर:

दोघांचेही आभार. भूखंडाचा विषय भावापुरता मिटला. त्याची पत्नी तेथे शिवणकामाचे लहान दुकान काढण्याचा विचार करत आहे, त्यालाही परिषदेची परवानगी लागेल का?

ईशान्यवाट:

लागण्याची शक्यता धरूनच चालावे. जिल्ह्यातील आदिवासी नसलेल्यांच्या व्यापारावर नियम करण्याचा अधिकार अनुसूचीच्या दहाव्या परिच्छेदाने परिषदेला दिला आहे, मात्र असा नियम परिषदेच्या एकूण सदस्यसंख्येच्या तीन-चतुर्थांश बहुमतानेच संमत व्हावा लागतो. गाळा भाड्याने घेण्यापूर्वी परिषदेच्या कार्यालयात परवान्याची लेखी चौकशी करावी आणि मिळालेले उत्तर जपून ठेवावे.